लागू पडत नाही म्हणून नानांनी गोळी सोडली

तुमचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

या वेळी हार्टच्या गोळीवरच इतकी पत्रं आली की शुगर आणि थायरॉईडवाल्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागेल. एका पत्राला बरीच जागा दिलीय, कारण त्यात जे घडलंय ते मला दवाखान्यात दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या घरात दिसतं.

प्रश्न : डॉक्टरताई नमस्कार. आम्ही यावल तालुक्यातले, घरची केळीची बाग आहे. माझ्या सासऱ्यांना आम्ही नाना म्हणतो, वय 64. तीन वर्षांपूर्वी अटॅक आला, जळगावला अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट टाकला. तेव्हापासून रात्री जेवल्यावर इकोस्प्रिन 75 (म्हणजे अ‍ॅस्पिरिन), कोलेस्टेरॉलची एक आणि शुगरच्या दोन गोळ्या चालू आहेत. मागच्या महिन्यात परत छातीत दुखलं, ॲडमिट केलं, दोन दिवसांनी घरी सोडलं. माझे दीर पुण्याला असतात, त्यांनी तिथे नानांच्या रक्ताची एक तपासणी करून घेतली आणि रिपोर्टमध्ये आलं की अ‍ॅस्पिरिन रेझिस्टन्स आहे. तेव्हापासून नानांनी गोळीच सोडली, म्हणतात जे अंगाला लागतच नाही ते पोटात कशाला टाकायचं. दीर म्हणतात 75 च्या जागी 150 देऊ. आज बारा दिवस झाले. काय करू? – एक सून, यावल तालुका

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचल्यावर छापून येईपर्यंत थांबणं मला शक्यच नव्हतं, म्हणून संपादकांकडून तुमचा नंबर घेऊन त्याच दिवशी फोन केला आणि नानांच्या हार्टच्या डॉक्टरांना आजच्या आज कळवा म्हणून सांगितलं. त्यांनी त्याच संध्याकाळी गोळी परत चालू केली हे तुम्ही कळवलंत, जीव भांड्यात पडला. स्टेंट असलेल्या माणसाने अ‍ॅस्पिरिन मनाने सोडायची नसते, स्टेंटमध्ये गुठळी होऊन नळी बंद पडली तर दुसरा अटॅक फार वेळ देत नाही. आपलं फोनवर जे बोलणं झालं ते इथे तुमच्या परवानगीने लिहितेय कारण ते बाकीच्या घरांनाही लागू आहे.

आधी गोळी काय करते ते बघा. रक्तात प्लेटलेट नावाचे बारीक कण असतात, कुठे कापलं की तिथे जमा होऊन रक्त थांबवतात. हार्टच्या नळीत चरबीचा थर फुटला की त्यांना वाटतं इथेही जखम झालीय, मग ते तिथे गर्दी करतात आणि नळीच बुजवतात. गर्दी जमवायला एक प्लेटलेट दुसऱ्याला हाक मारतो, ती हाक म्हणजे थ्रॉम्बॉक्सेन नावाचं रसायन. हे रसायन ज्या यंत्रावर तयार होतं त्याला कॉक्स-1 म्हणतात, आणि अ‍ॅस्पिरिन त्या यंत्रात जाऊन कायमचं कुलूप लावते. ही गोळी अशी रसायनं बनणंच थांबवते हे कोडं इंग्लंडच्या जॉन व्हेन यांनी 1971 साली सोडवलं, त्यांना 1982 चं नोबेल मिळालं त्यात या कामाचाही वाटा होता.

आता यातली खरी गंमत ऐका. अ‍ॅस्पिरिन स्वतः रक्तात जेमतेम पंधरा-वीस मिनिटांत निम्मी होते, म्हणजे घरात येऊन कुलूप लावून लगेच निघून जाते. पण प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्याला नवीन यंत्र बनवताच येत नाही, म्हणून एकदा कुलूप लागलं की तो प्लेटलेट मरेपर्यंत मुका राहतो. प्लेटलेट जगतो सात ते दहा दिवस. म्हणजे रोज साधारण दहातला एक मरतो आणि त्याच्या जागी नवीन, मोकळ्या तोंडाचा येतो. तुमच्याकडे केळी कापायला टोळी येते ना, समजा दहा जणांच्या टोळीत रोज एक माणूस नवीन येतो आणि कच्चा घड कापायचा नाही हे त्या नव्याला रोज सकाळी सांगावं लागतं, एक दिवस सांगायचं राहिलं तर एकच चुकेल, चार दिवस राहिलं तर अर्धी टोळी मन मानेल तसं कापेल. रोजची गोळी ही त्या नव्यांसाठी असते. आणि ज्यांना शुगर आहे त्यांच्यात ही ये-जा जास्त वेगाने होते, म्हणून नानांसारख्या माणसाने गोळी चुकवणं जास्त महागात पडतं.

मग रेझिस्टन्स म्हणजे काय? हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरतात आणि घोळ तिथेच होतो. एक म्हणजे गोळी चालू असताना परत अटॅक येणं. दुसरं म्हणजे लॅबमध्ये रक्त तपासलं तर प्लेटलेट अजून चिकटतायत असं दिसणं. पहिल्याला रेझिस्टन्स म्हणणं मला तरी पटत नाही. मोठ्या अभ्यासांची बेरीज केली तर अ‍ॅस्पिरिनने हार्टच्या माणसांत पुढचा अटॅक, पॅरालिसिस आणि असे मृत्यू मिळून साधारण एक चतुर्थांशाने कमी होतात. एक चतुर्थांश खूप आहे, हजारो घरं वाचतात, पण बाकीचे तीन हिस्से तसेच राहतात ना! ते शुगर, बीपी, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल आणि तंबाखू आवरूनच कमी करायचे असतात, ते काम अ‍ॅस्पिरिनने करावं ही अपेक्षाच चुकीची. नाना चुना-तंबाखू अजून खातात हे तुम्ही फोनवर हळूच सांगितलंत, आणि एलडीएल 118 आहे म्हणालात. स्टेंट झालेल्या माणसाचं ते निदान 70 च्या खाली हवं, जास्त धोका असेल तर 55 च्या खाली. छातीत परत दुखायला एवढं पुरेसं आहे, त्यासाठी अ‍ॅस्पिरिनला दोषी धरायची गरज नाही.

दुसरा प्रकार लॅबचा. यात कुठली तपासणी केली यावर आकडा ठरतो. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या डॉक्टरांनी 2003 साली 326 रुग्ण बघितले, एका पद्धतीने त्यांच्यात 5 टक्के रेझिस्टन्ट निघाले. 2008 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये वीस अभ्यासांची बेरीज आली, एकूण 2930 रुग्ण, त्यात 28 टक्के. माणसाचं रक्त तेच, आजार तोच, आकडे इतके लांब कसे? कारण मशीन वेगळी, रेझिस्टन्ट कोणाला म्हणायचं ती रेषा वेगळी, आणि बऱ्याच वेळा रुग्णाने गोळी खरोखर घेतली होती का हेच कोणी नीट बघितलेलं नसतं. त्या वीस अभ्यासांत ज्यांना रेझिस्टन्ट म्हटलं त्यांना पुढे त्रास जास्त झाला हेही खरं आहे, ते मी लपवणार नाही. पण जो माणूस गोळी चुकवतो तो बाकीच्या गोळ्याही चुकवतो, त्याचा त्रास वाढणारच.

मला सगळ्यात पटलेला अभ्यास 2013 चा आहे, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला. 400 निरोगी माणसं घेतली, डोळ्यांसमोर गोळी दिली. ज्यांना साधी अ‍ॅस्पिरिन दिली त्यांच्यात ती सगळ्यांना लागू पडली. ज्यांना वरून आवरण असलेली दिली, जी पोटात न विरघळता पुढे आतड्यात विरघळते, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांत पहिल्या डोसनंतर काही परिणामच दिसला नाही. म्हणून त्यांना परत बोलावलं, आठवडाभर रोज गोळी दिली, परत तपासलं, आणि शेवटी खरा रेझिस्टन्ट म्हणावा असा एकही माणूस सापडला नाही. म्हणजे रक्तात दोष नव्हता, गोळी वेळेवर रक्तापर्यंत पोचतच नव्हती. आपल्याकडची रोजची गोळी बहुतेक आवरणवालीच असते. याचा अर्थ ती बदला असा नाही, रोज घेत राहिलं तर काही दिवसांत ती आपलं काम करते, पण एकाच तपासणीवर शिक्का मारू नये एवढा अर्थ नक्की आहे.

आता नानांचं. मी तुम्हाला तीन प्रश्न विचारले होते आणि तुमची उत्तरं ऐकूनच मला अर्धं कळलं. पहिला प्रश्न, गोळी खरोखर रोज जाते का? तर म्हणालात कापणीच्या दिवसांत नाना मळ्यात झोपतात आणि गोळ्यांचा डबा घरी फडताळात असतो. दुसरा, तपासणीच्या आधीचा आठवडा कुठे गेला? तर मळ्यातच. तिसरा, दुखण्याची काही गोळी चालू आहे का? तुम्ही आधी नाही म्हणालात, मग आठवलं की गुडघे धरतात म्हणून संध्याकाळी सातच्या सुमारास मेडिकलवरून आणलेली गोळी घेतात, पाकीट आणून वाचून दाखवलंत तर आयबुप्रोफेन 400. आणि अ‍ॅस्पिरिन नऊला.

ताई, हे फार महत्त्वाचं आहे, जरा सावकाश वाचा आणि दीरांनाही वाचून दाखवा. आयबुप्रोफेनही त्याच कॉक्स-1 च्या दारात जाऊन बसते, पण कुलूप लावत नाही, नुसती उंबऱ्यावर बसून राहते. मागून अ‍ॅस्पिरिन येते, तिला आत शिरायला जागा नाही, ती बाहेरच थांबते आणि थोड्या वेळात संपून जाते. काही तासांनी आयबुप्रोफेन उठून जाते आणि दार सताड उघडं! म्हणजे गोळी रोज गिळली, पैसे गेले, आणि प्लेटलेट रात्रभर हाका मारायला मोकळे. हे 2001 साली नीट दाखवून दिलं गेलं, आणि 2006 साली अमेरिकेच्या औषध खात्याने डॉक्टरांना सूचना काढली की साधी अ‍ॅस्पिरिन घेतल्यावर निदान अर्धा तास तरी आयबुप्रोफेन घेऊ नये, किंवा आयबुप्रोफेन आधी झाली असेल तर अ‍ॅस्पिरिनच्या आधी आठ तासांहून जास्त अंतर असावं. आवरणवाल्या गोळीला तर हे अर्ध्या तासाचं गणितही लावता येत नाही कारण ती कधी विरघळेल ते सांगता येत नाही. नॅप्रोक्सेन या दुखण्याच्या गोळीचंही थोडंफार असंच आहे. डायक्लोफेनॅक दारात तशी आडवी येत नाही पण ती हार्टच्या माणसाला वेगळ्या कारणाने वाईट, म्हणून तीही नको. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल, शेक, वरून लावायचं मलम, आणि त्यानेही भागलं नाही तर डॉक्टरांना विचारून पुढचं. मेडिकलवाल्या भाऊला पहिलं वाक्य हेच सांगायचं की यांना स्टेंट आहे आणि अ‍ॅस्पिरिन चालू आहे. दुखण्याच्या बऱ्याच गोळ्यांत आयबुप्रोफेन पॅरासिटामॉलबरोबर मिसळलेली असते, पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या.

डोस दुप्पट करायचा का? नाही, मनाने तर अजिबात नाही. 2021 साली अमेरिकेत 15,076 हार्टच्या रुग्णांवर 81 मिलिग्रॅम आणि 325 मिलिग्रॅम अशी तुलना झाली, अटॅक आणि मृत्यू यांच्यात फरक पडला नाही. जिथे गोळी पोचतच नाही तिथे दोन पाठवून काय होणार? आणि तपासणी बघून गोळ्या बदलल्या तर फायदा होतो का हेही फ्रान्समध्ये 2440 स्टेंटवाल्या रुग्णांत बघून झालंय, 2012 साली निकाल आला, फायदा दिसला नाही. म्हणूनच ही तपासणी रोजच्या उपचारात सगळ्यांची करत नाहीत. दीरांनी काळजीपोटी केली, त्यांना कोणी बोलू नका.

नानांच्या डॉक्टरांनी आता आयबुप्रोफेन बंद केली, कोलेस्टेरॉलची गोळी वाढवली आणि काही महिन्यांसाठी क्लोपिडोग्रेल जोडली हे ठीकच झालं, तीही प्लेटलेटनाच आवरते पण दुसऱ्या दाराने. दोन्ही मिळून रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो, शौचाला डांबरासारखी काळी झाली, उलटीत रक्त आलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. गोळ्यांचे दोन डबे करा, एक घरी, एक मळ्यातल्या खोलीत. आणि तुम्ही म्हणालात नातू रोज रात्री आजोबांना फोन करतो, त्याला सांगा पहिलं विचार, "बाबा, गोळी लिधी का?"

प्रश्न : माझी आई 58 वर्षांची, दोन वर्षांपूर्वी बायपास झाली. नवरात्रात नऊ दिवस कडक उपास करते आणि गोळ्या बंद ठेवते, म्हणते गोळीने उपास मोडतो, देवी सांभाळते. चैत्रात सप्तशृंगीला पायी जायचंही म्हणतेय. – पारोळा

उत्तर : वर सांगितलेलं दहा दिवसांचं गणित परत बघा, म्हणजे तुम्हालाच कळेल मी नवरात्राला का घाबरते. नऊ दिवस गोळी बंद ठेवली की दसऱ्याच्या दिवशी आईच्या रक्तातले जवळजवळ सगळे प्लेटलेट नवीन, कुलूप नसलेले, आणि त्यात पाणी कमी प्यालेलं, रक्त दाट. मी स्वतः नवरात्र करते, माझी सासू माहेरची शिरपूरची, आमच्याकडे घट बसतात, त्यामुळे आईच्या श्रद्धेला हात लावायची माझी इच्छा नाही. पण औषधाने उपास मोडत नाही असं आमच्या गावातले गुरुजीच बायकांना सांगतात, तुमच्या गुरुजींकडूनही आईला सांगवा, डॉक्टरपेक्षा त्यांचं ऐकतील. रिकाम्या पोटी गोळी नको, भगर किंवा दूध-केळं खाऊन घ्यावी. शुगरची गोळी चालू असेल तर उपासाचा डोस आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या, तिथे मनाने काही करू नका.

पायी जाण्याचं डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्याशिवाय ठरवू नका. चैत्रातलं आपलं ऊन तुम्हाला मी काय सांगू. हो म्हटलं तर पहाटे चालायचं, दुपारी सावली, पाणी भरपूर, गोळ्यांची पिशवी कंबरेला, ट्रॅक्टरमधल्या सामानात नाही. आणि रस्त्यात जागोजागी सेवेचे स्टॉल असतात, चांगल्या मनाची पोरं पाय चेपून देतात आणि दुखण्याची गोळीही देतात, ती गोळी आईने घ्यायची नाही, आयबुप्रोफेनचं कारण वर आलंच.

प्रश्न : शेजारच्यांना अटॅक आल्यापासून माझे मिस्टर, वय 50, काही आजार नाही, रोज अ‍ॅस्पिरिन घेतात, म्हणतात रक्त पातळ राहतं. चालेल का? – शहादा

उत्तर : थांबवायला हवी, फक्त एकदा बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल तपासून डॉक्टरांना भेटून थांबवा. ज्याला अटॅक, स्टेंट, बायपास किंवा गुठळीचा पॅरालिसिस झालेला आहे त्याच्यासाठी ही गोळी सोन्यासारखी. ज्याला काही झालेलंच नाही त्याचा हिशोब वेगळा. 2018 साली निरोगी म्हाताऱ्या माणसांवरचा मोठा अभ्यास आला, 19,114 जण, बहुतेक सत्तरीच्या पुढचे, फायदा झाला नाही आणि रक्तस्राव वाढला. त्याच वर्षी शुगर असलेल्या 15,480 जणांवरचाही आला, त्यात अटॅकसारखे प्रकार 12 टक्क्यांनी कमी झाले पण मोठा रक्तस्राव 29 टक्क्यांनी वाढला. आणि "रक्त पातळ" हा शब्दही फसवा आहे, रक्त पाण्यासारखं होत नाही, फक्त प्लेटलेट चिकटायचे कमी होतात, मग ते जठरातल्या जखमेवरही चिकटत नाहीत. मिस्टरांना संध्याकाळी अर्धा तास चालायला घेऊन जा.

प्रश्न : मी धडगाव भागात शिक्षक आहे. इथून मोठा दवाखाना लांब. अटॅकची शंका आली तर घरात कोणती गोळी ठेवावी? कोणी जिभेखालची सांगतं, कोणी पाण्यात विरघळणारी. – धडगाव

उत्तर : सर, तुमच्या भागात हा प्रश्न जीवनमरणाचा आहे. पहिलं 108 ला फोन, आणि गाडी यायला उशीर असेल तर मिळेल त्या जीपने निघायचं, गाडीला अर्ध्या रस्त्यात भेटता येतं. गोळी दुसरी. अ‍ॅस्पिरिन, साधारण 300 मिलिग्रॅम, आवरण नसलेली, चावून खायची किंवा थोड्या पाण्यात विरघळवून प्यायची. घरात फक्त आवरणवाल्या 75 च्या असतील तर चार गोळ्या नीट चावून बारीक करून गिळायच्या, चावलं की आवरण फुटतं. अटॅक चालू असताना दिलेल्या अ‍ॅस्पिरिनचा सगळ्यात मोठा पुरावा 1988 चा आहे, 17,187 रुग्ण, महिनाभर रोज 162.5 मिलिग्रॅम, पाच आठवड्यांतले मृत्यू 23 टक्क्यांनी कमी. एवढ्या स्वस्त गोळीने!

कोणाला द्यायची नाही तेही लक्षात ठेवा. अ‍ॅस्पिरिनने दम लागतो किंवा ॲलर्जी आहे, पोटातून रक्त जातंय, किंवा तोंड वाकडं झालंय, हात लुळा पडलाय, बोबडं बोलतोय, अशांना नाही, कारण तो मेंदूतला रक्तस्रावही असू शकतो आणि ते स्कॅनशिवाय कळत नाही. जिभेखालची सॉर्बिट्रेट वेगळी, ती नळी सैल करते, बीपी आधीच कमी असेल तर माणूस कोसळतो, म्हणून ज्याला डॉक्टरांनी लिहून दिलीय त्यानेच, तीही बसून घ्यायची. आणि आलेल्या अटॅकमध्ये अर्धा तास गॅसच्या चूर्णात घालवू नका, छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर निघायचंच. बायकांत आणि शुगरवाल्यांत नुसता दम आणि मळमळही असते.

गोळ्या शाळेच्या कपाटात ठेवल्या तरी चालतील पण पत्र्याखाली नको, आपल्याकडे मे महिन्यात 44-45 डिग्री होतं, आणि पावसाळ्यात ओल धरते. अ‍ॅस्पिरिनला ओल लागली की ती फुटून तिच्यातून व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. दर दोन-तीन महिन्यांनी तारीख बघा, डबी उघडून वास घ्या, आंबट आला तर टाकून द्या आणि नवीन पाकीट आणा.